पिकअपवरची खोली

"बरोबर आलं! बाराच्या आत!" प्रेमदास धरमकाट्याच्या कॅबिनमधून ओरडतच बाहेर आला.

कारंजा घाडगेच्या हायवेला लागून असलेल्या या वजनकाट्यावर त्याची पिकअप उभी होती आणि मागच्या हौद्यात पत्र्याची खोली. हवी तेव्हा चढवायची, नको तेव्हा उतरवून ठेवायची. रुपेश वेल्डरने बनवलेली. आत दोन पलंग, कपाट, शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात लहानसा संडास. गाडी बारा क्विंटल ओझ्याची. खोली तेवढ्यात बसते की नाही, हीच सगळी धाकधूक होती.

अर्धं अंग लुळं पडल्यापासून त्याची बायको तानाबाई गावाबाहेर गेली नव्हती. सांचीचा स्तूप पाहायची तिची फार इच्छा. पण विषय निघाला की म्हणायची, "रस्त्यात मले लागली तं चार बायाईनं लुगडं धरून उभं राहाव काय?" शेवटी प्रेमदासने संडासच गाडीवर चढवायचं ठरवलं. गावाने हसून घेतलं.

"अन् आमाले कोन मोजन?" निंबाखाली खुर्चीवर बसलेली तानाबाई म्हणाली.

"म्हंजे?"

"तुमी खाली, मी खाली. टाकीत पानी नाई. खोली एकटीच जाऊन राह्यली काय सांचीले?"

प्रेमदासचं तोंड पाहण्यासारखं झालं. जन्मभर त्याने सोयाबीन अन् कापूस वाहिला. काट्यावर गाडी लावली की माणसांनी उतरायचं, वजन मालाचं व्हायचं, ही हाडात मुरलेली सवय. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तिलाच तो हिशेबात धरायला विसरला होता.

टाकी भरली. सोबत आलेल्या रुपेशने अन् त्याने मिळून तानाबाईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, प्रेमदास तिच्या शेजारी बसला. आता काटा एक क्विंटल जास्त दाखवू लागला.

"पुढं बैतूलचा घाट हाये काका, ब्रेकचा भरोसा नाई," रुपेश म्हणाला. "संडास काढून टाकू. पडदा लावू, बादली ठेवू."

तानाबाई काचेतून रस्त्याकडे पाहत राहिली. प्रेमदासने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे.

"माहा पलंग काढ," तो म्हणाला. "कपाटबी काढ. मी झोपीन समोरच्या सीटवर."

"तुमी मावान काय या सीटवर?" तानाबाईने विचारलं.

"काऊन नाई? पाय घेईन पोटाशी."

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं, म्हणून त्याला फार बरं वाटलं.

दोन दिवसांत रुपेशने सामान काढलं, माणसांसकट वजन बसलं आणि ते निघाले. मुलताईच्या अलीकडे ती हळूच म्हणाली, "थांबवा जरा."

त्याने गाडी बाभळीखाली घेतली, तिला उचलून मागे नेलं, संडासातल्या दांड्यावर तिचा चांगला हात ठेवून दिला आणि सवयीने दारातच उभा राहिला. घरी तो तिला दार कधी लावूच देत नसे. पडली तर?

"आता सरका," ती म्हणाली.

तो खाली उतरला. आत बराच वेळ खुडबुड झाली. एका हाताने दार ओढणं जमत नव्हतं. त्याने मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग आतून कडी लागली.

प्रेमदास गाडीपासून जरा लांब गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.