मुठीवरचा नाडा

मित्रांनो, विजेवर चालणाऱ्या एका जुन्या साखळी-करवतीची ही गोष्ट आहे, आणि ती करवत मीच आहे. जरा लांबच बसा. माझे दात आता बोथट झाले असले, तरी माझ्यावर विसंबून कोणी जवळ यावे असे मला वाटत नाही. हा संशय मी माझ्या मालकाकडून शिकले.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. भिलाई मध्य प्रदेशात होते त्या काळात मी पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात, एका दुकानात, खोक्यात पडून होते : धड एकीकडे, लांब पाते दुसरीकडे आणि तेलकट कागदात गुंडाळलेली साखळी. "मक्खन की तरह काटती है, साहब!" दुकानदार सांगे आणि मी फुलून जाई. मला विकत घेणारे गुलाबराव मात्र फुलले नाहीत. हुडको वसाहतीतल्या घरी आणून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी कुठून तरी पळून आले होते.

गुलाबराव पोलाद कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीवर होते. यंत्राला हात लावण्याआधी त्याचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा, ही त्यांची तिथली रीत. टेबलावर नाही, दुसऱ्याच्या खिशात तर नाहीच. घरी मला जोडायला बसले तेव्हा त्यांनी माझ्या वायरीची पिन कमरेच्या पट्ट्यात खोचली.

"घरात मी नि पोरगी. कोन लावते तुमची पिन?" त्यांच्या पत्नी वच्छलाबाई हसल्या.

"तूच लावशीन. इस्त्रीची समजून."

मग त्यांनी पाते बोल्टवर बसवले आणि साखळी दातेरी चाकावर चढवली. वरच्या बाजूचे दात टोकाकडे तोंड करून आहेत ना, हे लेकीकडून, साधनाकडून, वदवून घेतले. पात्याचे टोक उचलून धरत स्क्रू पिळला, नट आवळला. हातमोजा घालून साखळी ओढून पाहिली. ती सहज सरकली पाहिजे, पण लोंबता कामा नये. तेल भरले. शेवटी मुठीतले बटण पुन्हा पुन्हा दाबून सोडले. सोडले की ते 'टक्' करून बाहेर आलेच पाहिजे, कारण ते आत राहिले तर पिन लावताक्षणी माझी साखळी धावू लागते. एवढे सगळे झाल्यावरच पिन. काम संपले की मला पुन्हा सुटी करून खोक्यात ठेवत. दर वेळी हेच. मला राग येई. इतकी वर्षे इमानाने राबूनही माझी झडती का?

एके दिवशी गुलाबराव पहिल्या पाळीला गेले आणि छातीत कळ येऊन तिकडेच गेले. मी माळ्यावर पडून राहिले.

त्या वर्षी घरात सण नव्हता. तरी खंडेनवमीला वच्छलाबाईंनी त्यांची हत्यारे पुसली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिले. पूजेचा नाडा गुलाबराव माझ्या पात्याला बांधत. वच्छलाबाईंनी तो मुठीला बांधला, जिथे त्यांचा हात असायचा तिथे. वेढ्यावर वेढे, घट्ट. वर झेंडूची फुले खोवली. नाड्याखाली माझे बटण आत दाबले गेले. मला ते कळत होते, पण सांगायचे कोणाला?

दिवाळी तोंडावर असताना वाऱ्याने शिरीषाची एक मोठी फांदी मोडून स्वयंपाकघराच्या पत्र्यावर टेकली. वच्छलाबाईंचे धाकटे भाऊ शेषराव दुर्गहून आले. रेल्वेतला माणूस, हात झपाझप चालणारा. पायरीवर बसून त्यांनी मला जोडले, मांडीवर आडवे घेतले आणि साखळी नीट बसली का हे चाचपत म्हणाले, "लाव वो साधना, पिन लाव."

त्यांच्या डाव्या हाताची बोटे माझ्या दातांवर होती.

पिन साधनाने ओढणीबरोबर कमरेला खोचली होती. "थांबा मामा. बटण पाहू द्या."

"कावून? माह्यावर भरोसा नाही का तुले? इंजिनं जोडली म्या!"

"तुमच्यावर हाय. हिच्यावर नाही. रुको ना जरा."

"अगदी बापावर गेली! भाऊजी त भाजीतल्या मिठावरही शक करून राहत."

साधना हसली नाही. तिने सुकलेली फुले बाजूला केली, नाड्यावरून बोट फिरवले आणि दाबले. दाबायला काही उरलेच नव्हते. ती तशीच थांबली, कान देऊन. 'टक्' आला नाही. ती उठून कात्री घेऊन आली.

"अवं, पूजेचा हाय तो! बाईनं बांधला. कापू नोको, वर्स वाईट जाईन."

"वर्स गेलंच, मामा."

नाडा तुटला. टक्!

शेषरावांनी हात माझ्यावरून काढला आणि आपल्याच बोटांकडे पाहत राहिले.

"काय झालं वो?" आतून वच्छलाबाईंनी विचारले.

"काही नाही बाई. जुनी मशीन, बटण अटकलं होतं."

साधनाने तुटलेला धागा मुठीत लपवला. पण वच्छलाबाई बाहेर आल्याच होत्या. त्यांनी माझी उघडी मूठ पाहिली, लेकीची मिटलेली मूठ पाहिली. मग भावाचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि लहानपणी बघत असाव्यात तसे एकेक बोट सरळ करून पाहिले.

"म्याच बांधला होता," त्या म्हणाल्या.

जरा वेळाने साधनाने पिन लावली आणि मामाभाचीने फांदी उतरवली. पत्रा वाचला.

मित्रांनो, त्या दिवसापासून झडतीचा मला राग येत नाही. आम्हा यंत्रांना खुशाल पुजा, फुले वाहा, पण आमच्यावर विश्वास ठेवू नका. पिन लावण्याआधी प्रत्येक नट, प्रत्येक बटण तपासा. आणि एखादी गाठ मायेने बांधलेली असली तर ती आणखी एकदा तपासा. मायेच्या गाठीवर संशय घ्यायचे कोणाला सुचत नाही.