ढिल्या स्प्रिंगचा प्रबंध

मी सॅक्सोफोन बोलतोय. घाबरू नका, पीएच.डी. माझ्यावर झालीय, मी केलेली नाही. त्यामुळे मला अजून सोपं मराठी येतं.

माझा जन्म मेरठचा, कर्मभूमी कळमनुरी. तिथून जवळच्या तांड्यावरचा वसराम बँडमध्ये मला वाजवायचा. तालुक्यातल्या किती पोरी आम्ही दोघांनी वाजवत सासरी पाठवल्या, त्याला गणतीच नाही. वरातीतली पोरं मला भोंगा म्हणायची. मी कधी राग धरला नाही, कारण त्यांना माझा आवाज आवडायचा.

पुढं माझ्या एका पट्टीखालची स्प्रिंग ढिली पडली. पट्टी अर्धीच उघडायची आणि एक सूर घसरायचा. नांदेडला नेलं की दुरुस्तीवाला आठ दिवस ठेवून घ्यायचा. लग्नसराईत वसरामला सवड नसायची आणि लग्नसराई संपली की आठवण नसायची. तसंच रेटलं.

अशाच एका वरातीत मंजुषा मॅडम रेकॉर्डर घेऊन उगवल्या. त्या हिंगोलीच्या एका महाविद्यालयात संगीत शिकवतात आणि तेव्हा जॅझवर पीएच.डी. करत होत्या. माझा सूर घसरला आणि त्यांनी डोळे मिटले.

"ब्लू नोट! वसरामजी, ही जॅझची ब्लू नोट आहे, मुद्दाम उतरवलेला सूर!"

"न्हाई मॅडम, स्प्रिंग ढिली झाली. पट्टी बराबर उघडून न्हाई राहिली."

मॅडमनी वहीत लिहिलं, 'कलावंत स्वतःच्या परंपरेबाबत अनभिज्ञ.' वसराम खरं बोलला, हीच त्याची चूक!

मोजमापासाठी म्हणून आठ दिवसांकरता मला नेलं, ते मी दोन वर्षं काचेच्या कपाटात. खाली पाटी, 'दुर्मिळ स्वर. दुरुस्ती करू नये.' समोर चर्चासत्रं झडायची. उत्स्फूर्तता शिकवता येते का, यावर तीन प्राध्यापक दोन तास भांडले आणि जेवायला गेले. फुंकून मात्र एकानेही पाहिलं नाही. परीक्षेला प्रश्न यायचा, 'उत्स्फूर्त वादनाची पाच वैशिष्ट्ये लिहा.' विद्यार्थी बिचारे उत्स्फूर्तता घोकून पाठ करायचे. सहावं वैशिष्ट्य लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापला गेला.

वसराम मला परत मागायला चार वेळा आला. चौथ्यांदा आला तो हातात लग्नपत्रिका घेऊन.

"मॅडम, माझ्या मिनाचं लगीन हाय. साऱ्या तालुक्याच्या पोरी वाजवून लावल्या मी. माझं लेकरू मुक्यानं जाईन का?"

कपाटात मला हुंदका आला; पण फुंकणाऱ्याशिवाय मला हुंदकाही देता येत नाही. मॅडमनी समितीची बैठक घेतली. समितीने मला 'क्षेत्रीय अभ्यासासाठी' एक दिवस सोडलं, तेही सगळा विभाग सोबत येईल या अटीवर. आयतं जेवण होतं, त्यामुळे ठराव एकमताने झाला.

लग्न लागलं, पंगती उठल्या. मिना निघायच्या वेळी मॅडमनी मला वसरामच्या हाती दिलं आणि रेकॉर्डर सुरू केला. वसरामने खिशातून बारीक पक्कड काढली आणि नांदेडहून आणलेली नवी स्प्रिंगही.

"अहो, हे काय करताय? माझा प्रबंध!"

"प्रबंध तुमचा, पोरगी माझी. आज सूर घसरलेला न्हाई चालत."

मॅडम त्याचा हात धरायला पुढे झाल्या. तेवढ्यात मिनाच आडवी आली. "मॅडम, माझ्या बापाला वाजवू द्या ना." मॅडमनी हात मागे घेतला.

पाच मिनिटांत स्प्रिंग बसली. वसरामने श्वास भरला आणि मी वाजलो. पट्टी पूर्ण उघडली, सूर सरळ उभा राहिला. इतकं चांगलं मी माझ्या जन्मात वाजलो नव्हतो. मिना बापाच्या पाया पडायला वाकली, तरी त्याने फुंक तोडली नाही. डोळ्यांतून धार लागली होती आणि तो वाजवतच होता. मला त्या दिवशी फार सुख झालं, हे लपवून काय करू?

मॅडमनी मात्र पहिल्याच सुराला रेकॉर्डर बंद केला होता. त्यांच्या मते आता त्यात अभ्यासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मी कपाटात परत गेलो नाही. वसरामने दिलंच नाही. प्रबंधावर मॅडमना पदवी मिळाली. रिकाम्या कपाटात नवी पाटी लागलीय म्हणे, 'मूळ वाद्य दुरुस्तीमुळे नष्ट.' शेजारी माझा फोटो आहे, त्याला हार तेवढा घालायचा राहिलाय.

तर मंडळी, कागदोपत्री मी वारलो. उद्या शिरड शहापूरच्या वरातीत मी वाजणार आहे. सुपारी घेतलीय. विद्वानांनीही यावं, फक्त येताना कान घेऊन या.