हट

आमच्या शिवदासला अमेरिकन फुटबॉलच्या संघात घेतलं ते निव्वळ त्याच्या आकारमानामुळे. उगाच खोटं कशाला बोलू? २०१४ साली सिंगापूरला, पासिर रिसमध्ये, आमच्या ब्लॉकमागच्या मैदानाच्या कडेनं हा वजन उतरवायला चालत होता. तिथल्या अमेरिकन कोचनं त्याला नुसतं पाहिलं आणि हाक मारली. बेचाळिसाव्या वर्षी! मी म्हटलं, "अरे, आधी गुडघे बघ स्वतःचे." पण हा हेल्मेट घालून आरशासमोर उभा. आमची लेक इरा इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली, "पपा, सो कूल लाह!" झालं, मग काय विचारता.

संघ म्हणे सेमी-प्रोफेशनल. म्हणजे सामन्यानंतर चिकन राइसचं पाकीट आणि वर्षाला एक टी-शर्ट.

शिवदासचं काम सोपं होतं. चेंडू फेकणाऱ्या मार्कसच्या पुढ्यात उभं राहायचं आणि समोरच्याला आत येऊ द्यायचं नाही. मार्कस "हट!" ओरडला की खेळ सुरू. त्यांच्यात त्या शब्दाला काही अर्थ नाही, नुसता इशारा. पण आमचा मराठी माणूस! "हट!" ऐकलं की हा चक्क बाजूला व्हायचा, आणि समोरचा धिप्पाड गडी थेट मार्कसच्या छाताडावर. पहिल्याच सामन्यात तीनदा. हसून हसून माझी मुरकुंडी वळली.

चार सामने असेच गेले. मग कोचनं सांगितलं, स्वतःची बदली झालीय, संघ बंद होणार, एकच सामना उरलाय. त्यात एकदा जरी शिवदास हटला, तर त्याला बाहेर बसावं लागेल. त्या दिवशी शिवदास जेवला नाही. त्यानं न जेवणं म्हणजे प्रकरण गंभीर.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत खांबाशी उभं केलं आणि मागून ओरडले, "हट!" सरकला. परत ओरडले. परत सरकला. माझं डोकंच फिरलं. "अरे, पाय आहेत की चाकं?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "लहानपणी गावात हापशावर कळशी घेऊन उभा असायचो. वरच्या आळीतलं कुणी आलं की म्हणायचं, हट. आई म्हणायची, सर बाळा, वाद नको. मी नाही गं सरकत, नंदा. पाय सरकतात."

पंधरा वर्षांच्या संसारात हे तो कधी बोलला नव्हता. मी नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, आमच्याकडे नळ घरातच होता. त्या पहिल्या सामन्यात मी कशावर खदाखदा हसले होते ते आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मी नाही ओरडणार."

"ओरड," तो म्हणाला. "तूच ओरड. तुझ्या तोंडून ऐकायची सवय झाली ना, की मग कुणाचीही भीती नाही."

मग आठ दिवस मी रोज संध्याकाळी रडत रडत "हट!" ओरडत होते आणि तो खांबाशी पाय रोवत होता. बाकावरच्या चिनी आजीबाईंना वाटलं, आमचं कडाक्याचं भांडण चाललंय. त्यांनी मला पाण्याची बाटली आणून दिली.

शेवटच्या सामन्यात मार्कस "हट!" ओरडला. शिवदास जागचा हलला नाही. समोरचा येऊन आदळला, तरी नाही. पुन्हा "हट!", पुन्हा तसाच. मी एवढी किंचाळले की इरा म्हणाली, "आई, प्लीज लाह!" सामना आम्ही हरलोच. हेल्मेटं परत गेली, संघ संपला.

सोमवारी सकाळी डब्यांची घाई, आणि हा नेहमीसारखा फ्रिजसमोर. सवयीनं तोंडातून गेलंच, "हट रे!" लगेच जीभ चावली.

तो वळला. "नाही हटत," म्हणाला, आणि हसला.

"नको हटूस रे राजा," मी म्हटलं, आणि त्याच्या बगलेखालून हात घालून दूध काढलं.