सहाशेची टोपली

मी वेताची टोपली बोलतेय. पोटात कांदे-बटाटे भरलेत, तेव्हा जरा दमानं बोलते.

मला जिनं विणलं ती माझी आई. वेत भिजवायचा, चिरायचा, तासायचा, मग मांडी घालून विणत बसायचं. बोटांना चिरा पडल्या तरी वीण कुठे सैल सोडायची नाही. फक्त भाव सांगायची वेळ आली की बाईच्या तोंडाला कुलूप! वेताचे पैसे धरायची, बसभाडंसुद्धा धरायची. स्वतःच्या हातांचं मात्र काही नाही. वर म्हणायची, "मी तरी टोपलीला एवढे दिले असते का?" अगं बाई, तुझ्या पाकिटावरून माझी किंमत कशी ठरणार? मला भारी राग यायचा.

बाजारात कुणी नुसतं "प्लास्टिकची शंभरात मिळते" म्हटलं, की ही लगेच खाली यायची. माझ्यासारखीला तीनशेत देऊन मोकळी! शेवटी लेक वैतागली. "आई, यात वेताचेच कसेबसे निघतात. सोड हे. माझ्याबरोबर कारखान्यात पॅकिंगला चल."

"एवढा एक बाजार बघते," आई म्हणाली, "मग येते." मला रडूच आलं.

त्या बाजारी शेजारच्या लोकरवाल्या मावशी उठून आमच्याकडे आल्या. त्यांचंही दुखणं तेच. एकेक स्वेटर पाण्याच्या भावात जायचा. म्हणाल्या, "जागा बदलू या. तू माझे स्वेटर विक, मी तुझ्या टोपल्या विकते. दुसऱ्याच्या कामाचा भाव सांगायला लाज कसली?"

आणि काय सांगू! पलीकडे माझी आई चक्क ठणकावत होती, "नऊशे. हाताची वीण आहे, उलटून बघा." इकडे मावशींनी मला एका ताईंना सहाशेला विकलंसुद्धा.

पैसे हातात पडले तशी आई घाबरली आणि आमच्या मागे धावत सुटली. "अहो ताई, थांबा! मावशींनी जास्त घेतले तुमच्याकडून." निम्मे पैसे तिनं पुढे केले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी पैशांकडे पाहिलंही नाही. "तुम्हीच विणलीत ना? बरं झालं भेटलात. मला अजून एक हवी, झाकणाची. किती पडतील?"

मावशी लांब राहिल्या होत्या. आई माझ्याकडे बघत राहिली. माझ्या काठावरून तिनं बोट फिरवलं, बुडाशी चाचपून पाहिलं. मग पुढे केलेला हात मागे घेतला आणि काहीतरी पुटपुटली.

"किती?"

"साडेसातशे," आई मोठ्यांदा म्हणाली. "झाकणाला माझे दोन दिवस जातात."

ती झाकणवाली बहीण आता माझ्याशेजारीच असते. तिच्याकडून कळलं, आई कारखान्यात गेली नाही. विणतेय.

तुम्ही बाजारात जाल तेव्हा घासाघीस खुशाल करा. पण एखादी बाई स्वतःच्या हातच्या वस्तूचा भाव सांगताना अडखळली, तर लगेच निम्मा आकडा बोलू नका. जरा थांबा. ती सांगतेय.