कादेकचा मंगळवार

देनपासारहून आमच्या गावाला पोहोचायला अडीच तास लागतात असं फोनमधला नकाशा सांगतो. नकाशाला मुलं नसतात. आम्ही सकाळी आठला निघालो आणि साडेबारापर्यंत अजून डोंगराच्या पायथ्याशीच होतो. सेकारला दोनदा उलटी झाली होती. कादेकने डावी सँडल खिडकीतून फेकली होती आणि आता उजवी हातात घेऊन माझ्या मानेकडे बघत बसला होता. गाडी मित्राची होती, त्यामुळे उलटीचा वास कसा घालवायचा हाही एक प्रश्न डोक्यात होताच.

पण तो माझा खरा प्रश्न नव्हता. खरा प्रश्न असा, की आम्ही नक्की कोणत्या दिवसासाठी चाललो होतो हे मला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांच्या मते बुधवारसाठी. बुधवारी, म्हणजे उद्या, कादेकचा तिसरा ओतोनान होता. दर दोनशे दहा दिवसांनी माणसाचा जन्मदिवस फिरून येतो, वार तोच, आठवडा तोच. पोराला नैवेद्य दाखवायचा, मनगटाला पांढरा दोरा बांधायचा. आणि आमच्या गावात तिसऱ्या ओतोनानला आजोबा नातवाचे जन्माचे केस कापतात. तोपर्यंत कात्री लावायची नाही. कादेक पावणेदोन वर्षांचा झाला, केस नाकापर्यंत आले, शेजारच्या बायका त्याला छान मुलगी म्हणतात आणि सेकार दर वेळी त्यांच्याशी भांडते. ती पाच वर्षांची आहे आणि तिला चूक अजिबात चालत नाही.

आता गोम अशी की आमचा दिवस उजाडल्यावर बदलतो. सूर्य उगवायच्या आधी जन्मलेलं पोर आदल्या दिवसाचं. कादेक जन्मला तेव्हा मी दवाखान्याच्या आवारात गाडीत झोपलो होतो, तोंडावर लुंगी ओढून. परिचारिकेने काचेवर टकटक केली आणि मुलगा झाला म्हणून सांगितलं. मी आडवाच राहून वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, बरं झालं, आणि लगेच विचारलं, सूर्य उगवलाय का? मी म्हणालो, उगवलाय. लुंगी तोंडावरच होती.

एवढंच. एका शब्दाचं खोटं, तेही धड खोटं नाही, कारण उगवलेलाही असू शकत होता. थोड्या वेळाने मी गाडीतून उतरलो तेव्हा उजाडलं होतं, तरी आवारातले दिवे अजून चालू होते. पण ते दिवे मी भर दुपारीही चालू पाहिलेत. दवाखान्याच्या पुस्तिकेत जन्मवेळ लिहिली होती, सहा वाजून काहीतरी मिनिटं, आणि ती मिनिटं सेकारने जांभळ्या खडूने रंगवून टाकली. त्या महिन्यात सूर्यही सहा वाजून काहीतरी मिनिटांनीच उगवतो. फोनमध्ये ओतोनान काढून देणारं ॲप आहे. त्यात एक चौकट असते, जन्म सूर्योदयाआधीचा आहे का? मी ती चौकट भरतो, मंगळवार येतो. पुसतो, बुधवार येतो. पावणेदोन वर्षं मी हा उद्योग करतोय.

पहिल्या दोन ओतोनानांना मी गप्प बसलो. नैवेद्य दिवस चुकून झाला तर पुढच्या वेळी सांभाळून घेता येतो, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण जन्माचे केस एकदाच कापायचे असतात. चुकीच्या दिवशी कापले तर परत चिकटवता येत नाहीत. म्हणजे सांगायचं तर आज, नाहीतर कधीच नाही. आणि सांगायचं कुणाला, तर माझ्या वडिलांना, जे संत्र्याच्या झाडाला टेकू लावतानाही दोनदा मोजतात.

वाटेत सेकारने विचारलं, कादेकचा वार कुणी ठरवला. मी म्हणालो, देवाने. मग देवाला तारीख कुणी सांगितली, असं तिने विचारलं, आणि मी गाडीचा आरसा नीट करू लागलो. माझी बायको आर्निती शेजारी बसून मला बघत होती. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कधीच कळत नाही.

दोनच्या सुमाराला आम्ही घरी पोहोचलो. वडील अंगणात बसून संत्री निवडत होते, मोठी एकीकडे, बारीक दुसरीकडे. त्यांनी रस्त्याची चौकशी केली, मागचं चाक बसल्यासारखं दिसतंय म्हणाले, आणि कादेकच्या डोळ्यांवरचे केस बोटाने बाजूला सारून पुन्हा संत्र्यांकडे वळले. आईने सेकारला धुतलं, कपडे बदलले आणि सगळ्यांना जेवायला वाढलं. पिवळा भात होता. भाजलेली कोंबडी होती, अर्धी. उकडलेलं अंडं, केळी, आणि भाताला चिकटलेली झेंडूची पाकळी.

मी घास हातात धरून बसलो. हे नैवेद्याचं जेवण होतं. देवापुढे ठेवून झाल्यावर घरात खातात ते. आज घरात कुणाचा ओतोनान होता? आईचा अजून दोन महिन्यांवर होता, वडिलांचा होऊन महिना झाला होता. मी आईला विचारलं. ती म्हणाली, भात गार होतोय.

मला वाटलं, वडिलांचा घोटाळा झालाय. बहात्तर वर्षांचा माणूस, बुधवारचं मंगळवारी करून बसला असेल. मग वाटलं, माझाच घोटाळा झालाय, आज बुधवारच आहे. फोन काढून बघितला. मंगळवार. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, तीवर मंगळवारभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता. हुश्श म्हणणार, तेवढ्यात दिसलं की बुधवारभोवतीही गोल आहे. दोन्ही गोल सारखेच, खोडाखोड कुठेच नाही.

मी आर्नितीला बाजूला घेऊन म्हणालो की नानांगचं, म्हणजे वडिलांचं, वय झालंय, त्यांना दिवस आठवेनासे झालेत, आपण त्यांना शहरातल्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. ती म्हणाली, "तुमच्या नानांगना गेल्या वर्षी कुठल्या झाडाला किती संत्री लागली ते तोंडपाठ आहे. तुम्हाला गाडीची किल्ली कुठे ठेवली ते सांगता येतं का?" किल्ली खरंच सापडत नव्हती. ती पुढे अर्ध्या तासाने कादेकच्या चड्डीत सापडली.

तेवढ्यात सेकार पूर्वेकडच्या ओसरीवरून पळत आली. आमच्या घरातली सगळी मंगलकार्यं त्या ओसरीवरच होतात. तिच्या हातात कादेकचा निळा शर्ट होता, मागच्या सणाला आम्ही इथे विसरून गेलो होतो तो. ती म्हणाली, "बापा, कादेकच्या शर्टाला दोरा कुणी बांधला?"

शर्टाच्या उजव्या बाहीला, जिथे मनगट येईल तिथे, पांढरा दोरा बांधलेला होता. तीन गाठी. गळ्यापाशी तांदळाचे चार दाणे चिकटले होते.

माणूस परगावी असेल तर त्याच्या कपड्याला समोर ठेवून ओतोनान करतात, हे मला माहीत आहे. खलाशांच्या घरी करतात. पण कादेक परगावी नव्हता, रस्त्यात होता, सँडल फेकत होता. आणि उद्या तो इथे असणारच होता. मग आजच त्याच्या शर्टाला दोरा का? माझं डोकं चालेना. मी आईला गाठलं. ती उद्याच्या पूजेसाठी नारळाची कोवळी पानं विणत होती. मी शर्ट तिच्यापुढे धरला.

"मला काय विचारतोस? त्यांना विचार," ती म्हणाली. "मी आपली दोन दोन दिवस पानं विणतेय. पहिल्या वेळी दुपटं होतं, दुसऱ्या वेळी टोपडं, या वेळी शर्ट. पुढच्या वेळी अख्खं पोरच आणून ठेव, माझी बोटं सुटतील."

म्हणजे तीनही वेळा. दर खेपेला मंगळवारी एक आणि बुधवारी एक. पहिल्या ओतोनानला वडील बुधवारी सकाळी टोपली घेऊन देनपासारला आले होते, माझ्या भाड्याच्या खोलीत सगळं साग्रसंगीत केलं होतं आणि दुपारच्या गाडीने परत गेले होते. आदल्या दिवशी इथे दुपट्यापुढे सगळं करून आले होते, आणि त्यातलं अवाक्षर बोलले नव्हते.

मी आर्नितीपाशी जाऊन बसलो. माझा चेहरा पाहून तिने कादेकला सेकारच्या मांडीवर दिलं. मी तिला लुंगीची सगळी हकीकत सांगितली. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "काळोख होता."

"तुला काय माहीत?"

"ब्ली, मूल मला झालं," ती म्हणाली; आमच्याकडे बायका नवऱ्याला ब्लीच म्हणतात. "पोटावर ठेवलं तेव्हा समोर खिडकी होती. बाहेरचे दिवे दिसत होते, आणखी काही नाही. तुम्ही सगळे वारावरून इतके दिवस डोकं खाजवताय, पण मला कुणी विचारलंच नाही."

मी विचारलं, मग तू का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही तुमच्या वडिलांना उजाडलंय म्हणून सांगून मोकळे झाला होतात, मी त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं पाडू? ते तुमचं तुम्ही निस्तरायचं. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे न बघता सरळ उठलो.

साडेचार वाजले असतील. अंगणात अर्ध्याहून जास्त सावली आली होती. वडिलांची संत्री निवडून संपली होती, तरी ते तिथेच बसले होते, मोठ्यांतली काही उचलून परत मोठ्यांतच ठेवत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "नानांग, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं."

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.

"तोंडावर कपडा होता. उठायचा कंटाळा आला. तुम्ही विचारलंत आणि मी सांगून टाकलं."

"हं," ते म्हणाले. "तुझा फोन आला तेव्हा मी बागेत होतो. एका हातात फोन, एका हातात विजेरी. विजेरीशिवाय पाय दिसत नव्हता."

मी मूर्खासारखा म्हणालो, "पण तुम्हाला माहीत होतं, तर विचारलंत कशाला?"

"आमच्याकडे डोंगर आहे, धुकं आहे. तुमच्याकडे समुद्र. तुम्हाला आधी दिसला असेल म्हणून विचारलं. तू दिसला म्हणालास." त्यांनी एक संत्रं उचललं आणि तिसरीकडेच ठेवलं. "पोराने सांगितलं ते देवापुढे ठेवलं. मी बघितलं तेही ठेवलं. देव बघून घेईल."

"आणि केस? मी आज बोललो नसतो तर?"

"तर उद्या कापले असते," वडील म्हणाले. "बाप तू आहेस. तू म्हणशील तो त्याचा वार."

म्हणजे हा माणूस सकाळपासून इथे बसून होता. दोन वाजल्यापासून मी त्याला खुळावला समजत घरभर फिरत होतो, त्याला डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी करत होतो, आणि तो संत्री चिवडत माझी वाट बघत होता. मी रडलो असतो, पण सेकार बघत होती आणि तिने कारण विचारलं असतं.

आई आतून आली. तिच्या हातात पितळी ताट होतं, त्यात तांदूळ, फुलं, पाण्याचा लहान लोटा आणि नुकतीच धार लावलेली कात्री. हे सगळं आताच्या आता तयार झालेलं नव्हतं, फुलं सकाळची होती. तिने ताट वडिलांपाशी ठेवलं. आर्नितीने कादेकला सेकारच्या मांडीवर बसवलं आणि सेकारने त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

वडिलांनी कात्री उचलली, बोटाने धार पाहिली आणि थांबले.

"सूर्य असेपर्यंतच कापायचे असतात," ते म्हणाले. "आहे का बघ."

मी बसल्या जागेवरून मान वर केली. छपराच्या कडेवर उजेड होता. मी म्हणालो, "आहे."

वडिलांनी कात्री परत ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. सेकारही बघत राहिली.

मी उठलो. अंगण ओलांडलं, दगडी दारातून बाहेर गल्लीत आलो. तिथूनही डोंगराची कड दिसत नव्हती, म्हणून शेजाऱ्यांच्या बागेपर्यंत चालत गेलो, त्यांचं कुत्रं अंगावर आलं तरी थांबलो नाही. बागेच्या टोकाला उभं राहून पश्चिमेला बघितलं. सूर्य होता. डोंगराच्या कडेपासून हातभर वर, पिवळा, थोडा ढगात. डोळ्यांना पाणी येईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो.

परत आलो तेव्हा सगळे तसेच बसले होते.

"आहे, नानांग. कडेपासून हातभर वर."

"बघितलंस?"

"बघितलं."

मग त्यांनी कादेकच्या डोळ्यांवरची बट उचलून धरली आणि कात्री लावली.