कंदाचा अपराध

बार्बास्को या रानवेलीचा कंद आमच्या गावात सगळ्याला चालतो. ठेचून ओढ्यात टाकला की मासे झिंगून वर येतात, पाण्यात चोळला की रिठ्यासारखा फेस होतो, आणि उसाच्या दारूत मुरवून गुडघ्यांना लावला की म्हाताऱ्या प्रार्थनेला वेळेवर पोचतात. उरलेला, कारखान्यासाठी कंद वाळवतात त्या अंगणात नेऊन विकायचा. पुढे त्याचं काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते न विचारता एका ट्रकवाल्याने सांगितलं. "शहरात ह्याच्या गोळ्या करतात. बायकांना मूल होऊ नये म्हणून!"

सगळं अंगण हसलं. फिदेन्सियो तेवढा हसला नाही. मिसरूड फुटल्यापासून तो हा कंद पहारीने खणून उघड्या हातांनी उपसत होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हललेला नव्हता.

त्या दिवसापासून त्याने पहार कोपऱ्यात टाकली. हात राखेने घासले, लिंबाने घासले, मग दोन्ही एकत्र करून घासले. रात्री ओसरीवर निजू लागला, बायकोला आपली लागण नको म्हणून. मूल होण्यासाठी हा उपाय कितपत गुणकारी, याबद्दल गावात मतभेद नव्हता.

त्याच्या सासू ऑब्दुलियाबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी जन्मभर हाच कंद चोळतेय. नऊ झाली मला."

"नाहीतर पंधरा झाली असती, आई."

यावर ऑब्दुलियाबाई प्रथमच विचारात पडल्या.

शेवटी कारखान्याचे रसायनवाले साहेब अंगणात माल तपासायला आले, तेव्हा बायको एर्मेलिंदाने फिदेन्सियोला ओढतच तिथं नेलं.

"गोळ्या होतात, खरंय," साहेब म्हणाले. "पण कंदात गोळी नसते हो. तो कुजवायचा, वाळवायचा, आम्लात उकळायचा, पेट्रोलच्या भावंडात धुवायचा, तेव्हा कुठे थोडी पांढरी पूड निघते. तिचं औषध करायला परत वेगळा कारखाना. तुमच्या पोटात आम्लाची टाकी आहे?"

"जळजळ होते कधीकधी," फिदेन्सियो म्हणाला.

"तेवढ्यानं भागत नाही."

"घामातून आत गेला तर?"

"नाही."

"वाळताना वास घेतला तर?"

"शिंका येतील. अहो, कंद निर्दोष आहे. खुशाल खणा!"

आता नवरा मोकळा श्वास घेईल असं एर्मेलिंदाला वाटलं. पण वाटेत तो एका दगडावर मटकन बसला. चेहरा आधीपेक्षा पांढरा.

"आता काय झालं? कंदाचं काही नाही म्हणाले ना?"

"तेच तर. कंदाचं नाही. मग कुणाचं?"

हा प्रश्न एर्मेलिंदाकडे कधीपासून होता, फक्त तिने तो कुणाला दाखवला नव्हता.

"तुझ्या आईला काय सांगायचं?" त्याने विचारलं. "गावाला काय सांगायचं?"

"ऊठ आधी," ती म्हणाली.

ऑब्दुलियाबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले साहेब?"

फिदेन्सियोने जमिनीकडे पाहिलं.

"कंदच आहे, आई," एर्मेलिंदा म्हणाली. "अंगात भिनलाय. निघायला वेळ लागतो."

"किती?"

"ते शास्त्राला अजून कळलेलं नाही."

ऑब्दुलियाबाईंनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. मग आत जाऊन पहार घेऊन आल्या. "उद्यापासून मी खणते. मला आता मूल थोडंच व्हायचंय!"

"आई, तुमचे गुडघे..." फिदेन्सियो म्हणाला.

"गुडघे माझे आहेत."

सकाळी त्या रानात निघाल्या. फिदेन्सियो पोतं घेऊन मागे. कंदाला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, आणि सासूबाई दर घावाला कण्हत होत्या, म्हणून तो पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी गच्च धरून बसला होता.

मान वर न करता ऑब्दुलियाबाई म्हणाल्या, "माझं पहिलं सहा वर्षांनी झालं."

तो चमकला. "मग तोवर दोष कुणाचा?"

"शेजाऱ्याच्या डुकराचा. त्याची नजर वाईट, असं माझी सासू सांगायची."

"मग?"

"कापलं. मूल काही झालं नाही. पण घरोघर मटण वाटलं, तेव्हा बरेच दिवस कुणी विचारलं नाही." त्यांनी पहार परत मातीत घातली. "पोतं नीट धरा."