नमद्याचे चार तुकडे

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. सव्वीस वर्षं लोकांना ‘श्वास रोखा, हलू नका’ सांगण्यात गेली. पन्नाशी ओलांडल्यावर एका सुट्टीत मैत्रिणीच्या आग्रहाखातर ती लोकरवाल्या बाईंच्या वर्गात जाऊन बसली आणि तिथून तिचे रविवार लोकरीचे झाले.

बाई नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, करायला शिकवायच्या. त्यात विणकाम नाही की शिलाई नाही. पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर आडवे-उभे अंथरायचे, वर साबणाचं गरम पाणी शिंपडायचं आणि तळहातानं चोळत राहायचं. मग वळकटी करून लाटायची, उलगडायची, पुन्हा लाटायची. हळूहळू ते तंतू एकमेकांत असे अडकतात, की नंतर कुणाच्या बापाला सुटत नाहीत. पहिल्यांदा हाताखाली ती ढगासारखी लोकर घट्ट होत गेली तेव्हा ती चक्क हसली होती. दिवसभर माणसांच्या हाडांकडे बघणाऱ्या बाईला मऊ काहीतरी हाताला लागलं होतं.

मग ती घरीच करायला लागली. गच्चीत जुनं पातेलं, त्यात लोकर रंगवायला तुरटीचं पाणी. कांद्याच्या सालांचा पिवळा, अक्रोडाच्या टरफलांचा तपकिरी, मंजिष्ठेच्या मुळांचा विटकरी लाल. लाल साधायला तिला चार वेळा पाणी फेकावं लागलं, कारण पाणी उकळलं की मंजिष्ठा रुसते आणि मातकट होते. सात महिने खपून तिनं एक मोठा नमदा केला, सहा फूट बाय चार. पिवळी जमीन आणि एका कडेनं तो लाल पट्टा. हे कुणासाठी, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझ्यासाठी. सासूबाईंना ते थोडं विचित्रच वाटलं.

तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात कारकून होता, पण सगळी गल्ली त्याला इंजिनिअर म्हणायची. कुणाचा पंखा असो, कुणाचा नळ असो, हा पाना घेऊन हजर. माणूस मनानं चांगला. त्यात वादच नव्हता, आणि तीच तर अडचण होती.

त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती, की तुमचं कपड्यांचं मशीन पिळायला लागलं की आमच्या डोक्यावर कुणी दगड फोडतंय असं वाटतं. बुधवारी ती कामावरून आली तर इंजिनिअर खुशीत होता. त्यानं तिला हाताला धरून बाथरूमपाशी नेलं आणि मशीन सुरू करून दाखवलं. आवाज नाही, थरथर नाही. खाली बघ म्हणाला.

मशीनच्या चार पायांखाली चार चौकोनी तुकडे होते. विटकरी लाल.

तिनं आधी मशीन बंद केलं. मग पॅसेजमधल्या कपाटामागे ठेवलेली नमद्याची वळकटी काढली आणि जमिनीवर उलगडली. लाल पट्टा जिथे संपायला हवा होता तिथे कात्रीनं सरळ कापलेली कड होती.

“हे तुम्ही कापलंत?”

“हो. अगं, काय जाड होतं! कात्री चालेना. मला वाटलं, फ्रिजबरोबर आलेलं पॅकिंग आहे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कापलं म्हणून गेली त्याहून जास्त त्या एका शब्दानं गेली. सात महिने दर रविवारी हा माणूस गच्चीत कपडे वाळत घालायला येत होता. ती गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत साबणात, आणि हा तिला ओलांडून दोरीकडे जात होता. दोनदा त्यानं विचारलंसुद्धा होतं, दुखतंय का गं पाठीत.

“मी गच्चीत काय करत होते इतके दिवस?” तिनं विचारलं.

तो गडबडला. “तुझं ते... रंगाचं काहीतरी.”

सासूबाई मध्ये पडल्या. पुरुषमाणसाला काय कळतंय त्यातलं, पायपुसणंच तर होतं, दुसरं करशील, असं त्यांचं म्हणणं. इंजिनिअरनं तर लगेच दुसरं आणून देतो म्हटलं. कुठून आणणार, असं तिनं विचारलं नाही. तिनं मशीन खेचून चारही तुकडे काढले. दोन ओले झाले होते, एकाला गंजाचा डाग लागला होता. खालच्यांचं आता काय करायचं, असं तो म्हणाला. ती म्हणाली, ते खालचे आणि तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवशी ती सगळं घेऊन लोकरवाल्या बाईंकडे गेली. बाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं की इतका पक्का झालेला नमदा नव्या लोकरीला नीट धरत नाही. टाके घालून जोडता येईल, पण ते दिसेल. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच, कालच्यापेक्षा जास्त.

शनिवारी तिनं रजा टाकली. घरात मागे एक लहान खोली होती, ती इंजिनिअरची. बंद पडलेले पंखे, पाती, मोटारी, वायरींची भेंडोळी, सगळं ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेलं. तो कामावर गेल्यावर ती एकेक वस्तू पॅसेजमध्ये नेऊन ठेवू लागली. एक जुना रेडिओ हातात आला तेव्हा ती थांबली. शेजारी पक्कड पडली होती. मनात आलं, करावे याचे चार तुकडे.

पण तो त्याच्या वडिलांचा रेडिओ होता. कोणतं बटण निखळलंय, ते त्यानं किती दुकानांत शोधलं, सगळं तिला पाठ होतं. त्या खोलीतली एकही वस्तू अशी नव्हती जिची हकिकत तिला ठाऊक नव्हती. याला माझं काहीएक माहीत नाही, आणि मी याची भंगाराची खोली तोंडपाठ म्हणून बसलेय. तिनं रेडिओ नेऊन पॅसेजमध्ये ठेवला, जरा आदळूनच.

संध्याकाळी तो आला आणि दारातच अडखळला.

“अगं, मी हे कुठे ठेवू?”

“मला विचारू नका. आता ही खोली माझी आहे.”

त्यानं आत डोकावून बघितलं. पातेली, तुरटीचा डबा, मंजिष्ठेची पुडी, आणि भिंतीवर टांगलेला तो कापलेला नमदा. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, हा लाल तू केलास? ती म्हणाली, चार वेळा. त्याहून सोपं तिनं काही करून दिलं नाही.

रविवारी नवी लोकर आली, कचऱ्या-कुसळांसकट. ती खोलीत फतकल मारून बसली आणि पिंजू लागली. रागात हात झपाझप चालत होते, आणि खरं सांगायचं तर छान चालत होते. थोड्या वेळानं तो दारात येऊन उभा राहिला. मी काही करू का, म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. लोकरीचा एक ढीग दाराबाहेर सरकवला. “कुसळं वेचा. एकही राहता कामा नये.”

तो पॅसेजमध्ये, पंख्यांच्या गराड्यात बसला. दोन तास वेचत होता. बोटाला टोचलं की हळूच ‘स्स’ करायचा, पण उठला नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा तिनं ढीग उजेडात धरून तपासला. त्यात सहा कुसळं सापडली. ती तिनं त्याच्या तळहातावर मोजून ठेवली आणि ढीग परत त्याच्यापुढे केला.